काकींचा मणका

[दृश्य: दापोलीजवळचं एक गाव. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. एक वृद्ध बाई आडव्या पावलांनी उतरते आहे.]

काकींनी सत्तरी ओलांडली आहे. त्यात बऱ्याच वर्षांचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. गावात सगळ्याच सांधेदुखीला ‘वात’ म्हणतात, पण हा गुडघे झिजल्याचा वात नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. बोटं वाकडी झालेली दिसतात, म्हणून बघणारा बोटांकडेच बघतो. पाठ राहून जाते.

[दृश्य: पडवी. कोपऱ्यात कळशी.]

मागच्या पावसाळ्यात कळशी उचलताना पाठीत कळ आली. घरच्यांनी ठरवलं, चमक भरली. तेल चोळलं, शेक दिला, हळूहळू दुखणं ओसरलं. मणका दबला होता, हे कळलं ते फार उशिरा. दबलेला मणका पुढच्या बाजूने खचून पाचरीसारखा होतो आणि पाठ तेवढी झुकते. अशी सुमारे दोन तृतीयांश फ्रॅक्चर वेळेवर ओळखलीच जात नाहीत. आणि एक मणका खचला की वर्षभरात आणखी एक खचण्याची शक्यता साधारण पाचात एक.

सुनेच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. ओटीवरच्या वलणीला सासूबाईंचा हात पुरेनासा झाला होता. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटरने घटली असेल, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढून बघावा. नुसत्या डेक्सा तपासणीवर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीवर, विसंबू नये. स्टिरॉइड घेणाऱ्यांचा मणका हाडांची घनता बरी असतानाही खचतो.

[दृश्य: भाताची लावणी. चिखलात वाकलेल्या बायका.]

हाड रोज थोडं झिजतं, थोडं भरतं. पाळी गेल्यावर झीज वरचढ होते. या आजारातली सूज हाड खाणाऱ्या पेशींना आणखी चेव आणते. त्यावर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी. स्वस्त, आणि गुण झटपट. लावणीच्या दिवसांत सकाळी गोळी घेतली की मूठ मिटते, रोप धरता येतं; हा मोह कुणालाही पडेल. पण हाडांची सर्वांत वेगवान झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते, आणि कमी डोसमध्येही मणक्याचा धोका वाढतो. नाव नसलेल्या पुड्यांतूनही स्टिरॉइड निघालेलं आहे, तेव्हा एका रात्रीत गुण देणाऱ्या पुडीचा संशयच घ्यावा. मात्र महिनोन्‌महिने घेतलेलं स्टिरॉइड एकाएकी सोडायचं नसतं. ते डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

[दृश्य: चुलीवर नाचणीची भाकरी.]

१०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. या वयाची रोजची गरज १००० ते १२००. भाकरी हवीच, पण खचलेल्या मणक्याचं तेवढ्यावर भागत नाही. मूळ आजार आवरावा लागतो, आणि हाडांचं औषधही घ्यावं लागतं.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. दोन वारांना खुणा.]

रविवारी मूळ आजारासाठी मेथोट्रेक्सेट, बुधवारी हाडांसाठी अलेंड्रोनेट. दोन्ही आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती डबी सुनेच्या ताब्यात. बुधवारची गोळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहासुद्धा नाही.

आडवं न होण्याबद्दल काकींचं काही म्हणणं नाही. चहाबद्दल आहे.