नोट सोडायची कधी?

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तबला-पेटीच्या मैफली ऐकत आलेल्या या सभागृहात मी चार जाड तारांची बेस गिटार घेऊन उभा आहे, आणि विषय आमच्या घरातल्या भांडणाचा आहे. माझी मुलगी एकोणीस वर्षांची. तीही बेस वाजवते. गणपतीत सगळे जमले असताना ती म्हणाली, "बाबा, तू ज्यांना मोठं म्हणतोस ते सगळे नुसते मागे उभे असतात. काही करून दाखवतच नाहीत." मी चिडून म्हटलं, "आणि तू ज्यांचे व्हिडिओ बघतेस ते तीस सेकंदांत तीनशे नोट्स वाजवतात. त्यातली एक तरी लक्षात राहते का?" पंगतीत कुणी काही बोललं नाही.

रात्री मला आठवलं की हे माझं बोलणं नव्हतंच, माझ्या मामाचं होतं.

मामा गिरगावात चाळीत राहायचा. भजनी मंडळात तबला वाजवायचा, आणि त्याच माणसाला बीटल्स या इंग्लिश बँडचं वेड. मी ऐन कॉलेजात होतो. धोबीतलावच्या रंगभवनात 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव भरायला लागला होता, आणि काळा टी-शर्ट घालून रांगेत उभं राहणं हेच आमचं पुण्यकर्म होतं. आमचं दैवत आयर्न मेडन या इंग्लिश बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस. बँड त्यानेच उभा केला, बहुतेक गाणी त्याची, आणि वाजवतो पिक, म्हणजे तार छेडायची चकती, न घेता, उघड्या बोटांनी. टगडक टगडक अशी ती चाल. मी मामाला कॅसेट ऐकवली. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "घोडा उधळलाय रे नुसता. त्यावर बसणार कोण?" मी आठवडाभर त्याच्याकडे गेलो नाही.

आता एक प्रयोग करतो. ही सर्वांत जाड तार, मोकळी. (वाजवतात.) पेटीच्या भाषेत ही खर्जातली पांढरी तीन, सेकंदाला सुमारे 41 कंपनं. पोटात लागली ना? आता तीच नोट फोनवर रेकॉर्ड करून फोनमधूनच ऐकवतो. (ऐकवतात.) नोट ओळखू येते, पण पोटातलं गेलं. फोनचा एवढासा स्पीकर 41 कंपनं हलवूच शकत नाही. मात्र त्या तारेतून दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पटीतली कंपनंही निघतात. त्यातली वरची तेवढी फोन देतो आणि त्यांच्या आधाराने आपला कान खालचा स्वर स्वतःच उभा करतो. तानपुऱ्याच्या तारेत गंधार ऐकू येतो, तो या वरच्या कंपनांमुळेच.

आता अंगठ्याने तार ठोकून, म्हणजे स्लॅप, तीच नोट. (वाजवतात.) यात वरची कंपनं भरपूर, म्हणून फोनवर ही लखलखते. माझी मुलगी ज्या यंत्रावर वाढली त्या यंत्रात हाच बेस जिवंत आहे. आमच्या टू-इन-वनवरही, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअरवर, खोल काही येत नव्हतं. हॅरिसची तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) आपटल्याचा खट आवाज मात्र स्वच्छ यायचा, आणि आम्ही त्याच आवाजाच्या प्रेमात पडलो. मामाच्या पिढीचीही हीच गोष्ट. बेस मोठा ठेवला तर रेकॉर्डवरून सुई उडेल, ही भीती तेव्हाच्या ध्वनिमुद्रकांना होती. 1966 साली बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर' या गाण्यासाठी एक लाउडस्पीकर उलटा मायक्रोफोनसारखा वापरून बेस टिपला, तेव्हा कुठे त्यांचा बेसवादक पॉल मॅकार्टनीची बोटं लोकांना नीट ऐकू आली. मामाला मॅकार्टनीचा बेस गाणारा वाटायचा. तो गाताच होता, पण गाणं मामापर्यंत पोचवायला ती युक्तीही लागली.

म्हणजे प्रत्येक पिढीला जेवढा बेस ऐकू आला तेवढ्यावरून तिने थोर कोण ते ठरवलं. मग थोर कोण, हे कधी ठरायचंच नाही का? मला वाटतं, ठरवता येतं.

जेम्स जेमरसनचं नाव घेतो. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. त्याच्या त्या बोटाला 'हुक' असं नावच पडलं होतं. तारा जुन्या, मऊ, वर्षानुवर्षं न बदललेल्या. साठच्या दशकात जगभर ज्या गाण्यांवर लोक नाचले त्यातल्या कितीतरी गाण्यांत तो आहे, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं छापत नसत. 1971 साली गायक मार्विन गेच्या अल्बमवर त्याचं नाव आलं. 1983 मध्ये तो गेला. आमच्या हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणातले बेसवादकही असेच बिननावाचे राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

जेमरसनचा आवाज फोनवर जवळजवळ नाहीसा होतो. पण चांगल्या स्पीकरवर ऐका आणि नोट सुरू कुठे होते ते सोडून संपते कुठे ते बघा. काही नोट्स पुढच्या ठोक्याला टेकेपर्यंत धरलेल्या, काही मध्येच मिटलेल्या. त्या मिटण्यामुळे ड्रमला जागा मिळते आणि पाय हलतो. तबलजीचा हात डग्ग्यावर घुमारा किती राहू देतो आणि तळव्याने कधी दाबतो, यावर ठेक्याचं वजन असतं, हे इथे बसलेल्यांना मी काय सांगणार? विलंबित ख्यालात साधा ठेका धरणाऱ्याला आपण कमी लेखत नाही. बेसवाल्याला तेवढा मान द्यायला आपण का कचरतो?

मुलगी म्हणाली, अमेरिकी गायक प्रिन्सच्या 1984 च्या एका गाण्यात बेसच नाही आणि गाणं सुरेख आहे. खरं आहे. ते गाणं त्या रिकामेपणावरच उभं आहे, आणि तो रिकामेपणा जाणवतो कारण कान बेस शोधत राहतो.

पण एका बाबतीत मी चुकलो होतो. तिची आवडती वादक आपल्या मुंबईची मोहिनी डे. वडीलही बेसवादक, त्यांच्याकडूनच शिकलेली. मी तिला फक्त फोनवर ऐकलं होतं आणि वेगाची बाई म्हणून मोडीत काढलं होतं. नंतर मोठ्या अ‍ॅम्पवर ऐकलं. त्या वेगातही प्रत्येक नोट जिथे मिटायला हवी तिथेच मिटते. ते फोनने मला कधी दाखवलंच नव्हतं. मी मुलीला तसं सांगितलं. मामा आज नाही, नाहीतर हॅरिसला मोठ्या स्पीकरवर ऐकवायला त्याला बसवलं असतं.

गेला महिनाभर ती जेमरसनची एक ओळ बसवते आहे. बोटं पहिल्याच दिवशी बसली. ती अडली आठव्या मात्रेवर. परवा रात्री तिने खोलीचं दार उघडून विचारलं, "बाबा, ही नोट सोडायची कधी?" आम्ही दोन तास तेवढंच करत बसलो, आणि आमचं अजूनही एकमत नाही. ती म्हणते जरा आधी, मी म्हणतो जरा उशिरा.

ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. ये गं वर. तीच ओळ आधी मी वाजवतो, मग ती. समोरच्यांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून ठेवा.