वैशाखातली बाग आणि आखाजीची घागर

श्रोतेहो, नमस्कार. वैशाख लागला की आपल्या खान्देशात पारा 44-45 अंशांवर जातो. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, घरोघरी एकच काळजी: अंगणातली झाडं मृगापर्यंत टिकवायची कशी?

आधी पाण्याचं बोलू. पाणी सकाळी सातच्या आत द्या आणि मुळाशी द्या. दुपारी दोनला पानांनी मान टाकली म्हणून लगेच बादली उचलू नका. बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघा. आत ओल लागली तर झाड तहानलेलं नाही. पानांतून पाणी उडतं त्या वेगानं मुळांना ते ओढता येत नाही, एवढंच. ऊन उतरलं की झाड आपोआप उभं राहतं. संध्याकाळीही मान खालीच असेल तर मात्र पाणी हवंच. पुन्हा सांगते: सकाळी सातच्या आत, आणि मुळाशी.

दुसरं, माती उघडी ठेवू नका. वाळलेली पानं, गवत, उसाचं पाचट, जे हाताशी असेल त्याचा तीन-चार बोटं जाड थर बुंध्याभोवती पसरा. बुंध्याला मात्र चिकटवू नका. पालापाचोळा झाडून पेटवून देणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. आणि अंगणभर फरशा बसवणाऱ्यांचाही! रात्री नऊलासुद्धा त्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, मग तिथल्या मोगऱ्यानं काय करावं? रावेर-यावलकडचे केळीवाले तापलेला वारा अडवायला बागेच्या कडेनं शेवरी किंवा गजराज गवत लावतात. आपण निदान कुंड्या तरी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवू या.

आता मला फार आवडणारी हकिकत सांगते. पारोळ्याकडच्या एका गावात आमच्या नात्यातल्या एक काकू राहतात. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. तरी ओट्यालगत त्यांनी भरताची वांगी लावलेली, हिरवीगार, मोठ्या फळांची. (भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेलंच खरं. गॅसवर वांगं शिजतं, पण तो धुराचा वास कुठून येणार?) त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली आणि लगेच सुरतेला भाच्याचं लग्न निघालं. घरातले सगळेच जाणार. आठवडाभर वांग्यांना पाणी कोण घालणार? शेजारीही लग्नसराईत बाहेरगावी गेलेले.

काकूंची नजर आखाजीच्या घागरीवर गेली. पितरांसाठी पुजलेली, नवी कोरी, छान पाझरणारी. तीच वांग्यांच्या मधोमध पुरावी असं त्यांच्या मनात आलं, पण सासूबाईंना विचारायचं कसं? पितरांची घागर मातीत गाडायची म्हणजे घरात वादळ. दोन दिवस त्या नुसत्या घुटमळत राहिल्या. शेवटी म्हातारीनंच विचारलं, काय चाललंय तुझं? काकूंनी भीतभीत सांगितलं. म्हातारी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "झाडनं पोट भरनं म्हंजे पितरस्नं बी भरनं." एवढं बोलून स्वतःच कुदळ मागायला निघाली!

दोघींनी मिळून गळ्यापर्यंत घागर पुरली, काठोकाठ भरली, तोंडावर सपाट दगड ठेवला, भोवती पाचट पसरलं आणि सगळे सुरतेला गेले. परतले तेव्हा गल्लीतल्या कुंड्यांमधल्या तुळशी वाळून काड्या झालेल्या, आणि काकूंच्या वांग्यांना नवी फुलं. घागरीत तळाशी अजून थोडं पाणी होतं. पण मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. पावसाळ्यात घागर काढायला गेल्या तर निघेना. मुळांनी तिला चहूबाजूंनी जाळीसारखं वेढून टाकलं होतं. म्हातारी म्हणाली, राहू दे तिला तिथंच. ती घागर अजून त्याच वाफ्यात आहे.

हे होतं कसं? भाजलेल्या साध्या मडक्याच्या अंगातून पाणी झिरपतं. भोवतीची माती कोरडी पडली की जास्त ओढून घेते, ओली असली की झिरपणं मंदावतं. झाडाला लागेल तेवढंच पाणी जातं. रंग दिलेलं किंवा चकाकी असलेलं मडकं चालणार नाही. बोअरच्या जड पाण्यानं क्षार साचून छिद्रं बुजतात, म्हणून जुनी घागर असेल तर आधी भरून बघा. बाहेरून ओलसर झाली तरच पुरा. कुंडीसाठी छोटं बोळकं पुरतं. घरी असाल तर दोन-तीन दिवसांनी भरत राहा. आणि तोंड झाकायचंच, श्रोतेहो, तोंड झाकायचंच. उघड्या पाण्यात डास अंडी घालतात, डेंग्यू अंगणातूनच घरात येतो.

टोमॅटो-मिरचीची फुलं या उन्हात गळतात. ती उष्णतेनं गळतात, खत कमी पडलं म्हणून नव्हे. तेव्हा आत्ता खताचा मारा करू नका. दुपारी सावलीची जाळी धरा आणि थांबा.

रिकामे वाफे असतील तर खणून उन्हात तापू द्या, मातीतल्या किडी आणि त्यांची अंडी मरतील. मृग 7-8 जूनच्या सुमाराला लागतो. गिलके, दोडके, कारल्याचं बी आत्ताच जमवून ठेवा. मांडव मात्र पावसाआधी उभा करा. ओल्या मातीत बांबू रोवले की पहिल्याच वादळात कलतात. नमस्कार.