तासिकेबाहेरचं काम

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांची सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालीय, काहींची पीएचडी चालू आहे. म्हणून थेट प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांबद्दलच बोलतो.

महाविद्यालयातलं एक पद रिकामं झालं की ते भरलं जाईपर्यंत काय काय घडावं लागतं? कार्यभार, म्हणजे शिकवायच्या तासांचा हिशोब, काढायचा, पद मंजूर असल्याचं दाखवायचं, बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं याची यादी, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, शासनाचा ना हरकत दाखला मिळवायचा. त्यानंतर जाहिरात, छाननी, मुलाखत. बिंदुनामावली तर काटेकोरपणे तपासलीच पाहिजे, कारण आरक्षणाचा हक्क तिथेच जपला जातो. पण फाइल एकेका टेबलावर महिनोन् महिने पडून राहते, त्याला कुठला नियम कारण आहे?

तोवर वर्ग थांबत नाहीत. मग तासिका तत्त्वावर, म्हणजे आपल्या भाषेत सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस), माणूस घेतला जातो. पात्रता तीच: पदव्युत्तरला ५५ टक्के आणि सेट, नेट किंवा पीएचडी. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. सीएचबीवाल्याला मात्र घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. उन्हाळ्यातही तेच.

आणि तास म्हणजे काय, हे नीट पाहा. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचं शिकवणं मस्टरवर चढतं. त्या तासाची आदल्या रात्रीची तयारी चढत नाही. अंतर्गत परीक्षेचे गठ्ठे, महाविद्यालयाला श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलींना लावायचे फोटो आणि अहवाल, प्रवेशाच्या खिडकीवरची दुपार, राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएस) शिबिर, यातलं काहीच चढत नाही. नाही म्हणायची सोय नाही, कारण पुढच्या जूनमध्ये पुन्हा तिथेच अर्ज करायचा असतो. हा सरळसरळ अन्याय आहे आणि तो आपण चालवून घेतो, याचा मला राग येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम वाचा. कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तेव्हाच नेमावेत, एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत आणि त्यांचं वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तासिका तत्त्व ही वेगळी वाट आहे, असं सांगून या अटींना बगल दिली जाते.

शिक्षकेतर पदांचीही तीच रड. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यात कुलसचिवाला ५ वर्षांची मुदत दिलेली आहे, तरी 'प्रभारी', म्हणजे तात्पुरता कारभार पाहणारा, हा शब्द आपल्याला अंगवळणी पडलाय. परीक्षा विभागात माणसं कमी असली की निकाल लांबतो आणि नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या हातात गुणपत्रिका नसते.

तेव्हा सीएचबीवर रुजू होताना नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. त्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता कुठल्या तारखेपासून आहे ते पाहा आणि प्रत्येक वर्षाचा अनुभवाचा दाखला त्या त्या वर्षीच मागून घ्या. मुलाखतीच्या वेळी जुनी कागदपत्रं कुणी शोधून देत नाही. आणि आपल्या महाविद्यालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा.