रक्त पातळ होतं तेव्हा हृदय काय करतं

(दृश्य: लाकडी स्टँडवर दोन बारीक काचनळ्या, खाली दोन मोजपात्रं)

दोन्ही नळ्यांची लांबी एक, भोक एक, वरच्या भांड्यांची उंचीसुद्धा एकच. दोन्ही भांड्यांत एकाच पिशवीतलं रक्त आहे. या पिशवीला 35 दिवसांची मुदत होती, ती उलटली, त्यामुळे ते आता कुणालाच देता येणार नाही. फरक इतकाच, की उजवीकडच्या भांड्यात सलाईन मिसळलंय.

चिमटे एकदमच सोडले. उजवीकडचं पात्र बघा, आणि मग डावीकडचं.

(दृश्य: उजवं पात्र भरत आलेलं, डाव्यात अजून तळाशीच रक्त)

पॅरिसमधला डॉक्टर ज्याँ प्वाझय 1840 च्या सुमारास असाच काचनळ्यांसमोर बसून होता. त्याने पाणी सोडलं, दाब बदलला, नळीची जाडी बदलली आणि दर वेळी वाहून आलेलं पाणी मोजलं. त्यातून जो नियम निघाला तो आजही वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. नळीची त्रिज्या निम्मी केली तर अडथळा सोळापट वाढतो. आणि द्रव जितका दाट, तितका अडथळा जास्त. रक्तवाहिन्यांची जाडी शरीर स्वतः ठरवतं. डॉक्टरला तिथे औषधानेच काय ते करता येतं. दाटपणा मात्र साध्या सलाईनने बदलता येतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब)

रक्त पाण्याच्या साधारण तीन ते चारपट दाट असतं. नुसता प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला द्रव, काढला तर तो दुपटीच्याही आत. म्हणजे दाटपणा आला तो तांबड्या पेशींमुळे. वेगाने वाहताना या पेशी लांबट होतात, प्रवाहाच्या दिशेने वळतात, आणि रक्त सहज सरकतं. बारीक शिरांमध्ये, जिथे वेग मंदावतो, तिथे त्या एकमेकींना चिकटतात. पडद्यावर दिसताहेत त्या अशा, नाण्यांच्या चळती रचल्यासारख्या. तिथे तेच रक्त आणखी दाट होतं. हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा खोळंबा होतो तो इथे.

(दृश्य: सकाळचा राजवाडा, एम.वाय. हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता, मग एका खासगी हॉस्पिटलची पायरी)

इंदूर. सुदामा नगरातले एक काका, वय 58, आज त्यांचा खुब्याचा सांधा बदलायचाय. गेले चार दिवस घरात एकच विषय: रक्त लागलं तर कोण देणार? धाकटा भाऊ, भाचा, गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिराची कार्डं, सगळी जमवाजमव झाली. काल संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई खोलीत आल्या आणि त्यांनी निराळंच सांगितलं: छेदाआधी काकांचंच थोडं रक्त काढून ठेवायचं, अंगातलं उरलेलं सलाईनने पातळ करायचं, आणि काढलेलं शेवटी परत द्यायचं.

“म्हणजे माझंच रक्त काढून मलाच देणार?”

“हो काका, तुमचंच. आणि त्याच खोलीत.”

(दृश्य: थिएटर. हातातली सुई, नळीतून उतरणारी लाल रेघ)

काकांचं वजन 70 किलो. अशा पुरुषाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशींचा भाग 45 टक्के. याला हिमॅटोक्रिट म्हणतात. भूल दिल्यावर, पहिला छेद घेण्याआधी, तीन पिशव्या रक्त काढायचं. प्रत्येकी 450 मिली. पिशवी हलत्या काट्यावर ठेवलीय. काटा तिला सतत हलवत राहतो, म्हणजे गुठळी होऊ न देणारं औषध आतल्या रक्तात नीट मिसळतं, आणि वजन पुरं झालं की लगेच कळतं. भरलेल्या पिशवीवर नाव, नोंदणी क्रमांक, वेळ आणि एक अंक. तो अंक पुढे कामाला येणार आहे.

दुसऱ्या हातातून त्याच वेळी सलाईन. जितकं रक्त बाहेर, त्याच्या तिप्पट सलाईन आत, कारण त्यातलं बरंचसं रक्तवाहिन्यांत टिकत नाही, झिरपून जातं. इथे घाई चालत नाही. रक्त काढलं आणि भरपाई मागे पडली, तर हृदय धावायला लागतं ते रिकामं पडल्यामुळे. ते दुखणं वेगळं, आणि बाईंची नजर सारखी त्यासाठीच मॉनिटरवर आहे.

रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्याकडे घरोघरी असतात. त्या गुठळी होऊ देत नाहीत, रक्तातल्या पेशींची गर्दी कमी करत नाहीत. इथे चाललंय ते गर्दी कमी करण्याचं काम.

(दृश्य: मॉनिटर. नाडीचा आकडा, त्याखाली धमनीतल्या दाबाची लाट)

तिसरी पिशवी भरली. हिमॅटोक्रिट 45 वरून 34 च्या आसपास आलाय.

आता हृदयाकडे बघू. डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला ज्या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलतो, तो अडथळा उतरलाय. बारीक शिरांमधली दाटी सुटलीय, त्यामुळे परतणारं रक्त जास्त येतंय. कप्पा आधीपेक्षा भरून येतो, आणि समोरची वाट मोकळी असल्यामुळे आधीपेक्षा जास्त रिता होतो. लाटेवरून हे यंत्र दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त मोजतंय. तो आकडा चढताना दिसेल. नाडी मात्र जिथे होती तिथेच आहे, 70 च्या घरात. जाग्या माणसाचं रक्त असं पातळ केलं तर नाडीही वाढते. भूल दिलेल्या माणसात बहुतेक काम मोठ्या ठोक्यावरच भागतं.

प्रत्येक थेंबात प्राणवायू कमी, पण मिनिटाला फिरणारे थेंब जास्त. हा हिशेब म्युनिकमध्ये कोनराड मेसमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात बारकाईने मांडला. हिमॅटोक्रिट 30 च्या आसपास येईपर्यंत शरीराला पोचणारा एकूण प्राणवायू जवळपास तेवढाच राहतो. हृदय हे स्वतःहून, कुणी न सांगता सांभाळतं. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. “रक्त पातळ झालं म्हणजे हृदय खचलं” ही भीती इतकी खोल आहे, की तिच्यापायी हा उपाय लोकांच्या कानावरही जात नाही.

याला मर्यादा आहे. बाकी शरीर रक्तातल्या प्राणवायूचा चौथा हिस्सा वापरतं. हृदयाचा स्नायू आराम करतानाही सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेतो. त्याला जास्त हवं तर जास्त रक्तच लागतं, आणि त्याच्या धमन्यांत अडथळा असेल तर ते मिळत नाही. अशा माणसाला, किंवा आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्याला, हे करत नाहीत.

(दृश्य: शस्त्रक्रिया. सक्शनच्या बाटलीत उतरणारं फिकट लाल रक्त)

बाटलीतला रंग बघा. 45 च्या रक्ताचा एक लिटर गेला, तर 450 मिली तांबड्या पेशी गेल्या. 34 च्या रक्ताचा एक लिटर गेला, तर 340 मिली. वाचलेल्या पेशी पिशव्यांत शाबूत आहेत. काटा, पिशव्या, सलाईन आणि लक्ष देणारा भूलतज्ज्ञ, एवढ्यावर हे होतं. मोठ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना प्रत्येक सुदृढ हृदयाच्या रुग्णापुढे हा पर्याय ठेवायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: स्टँडवर पिशवी टांगणारे हात, लेबलवरचा अंक 3)

सांधा बसला. रक्तस्राव आटोक्यात आला. पिशव्या थिएटरमध्येच, फ्रिजबाहेर होत्या. त्या आठ तासांच्या आत परत द्यायच्या. आधी क्रमांक 3, मग 2. तिसरी पिशवी भरली तेव्हा रक्त बरंच पातळ झालेलं होतं, म्हणून तिच्यात पेशी सर्वांत कमी. पहिली सर्वांत दाट, तांबड्या पेशींनी आणि गुठळी करणाऱ्या प्लेटलेट्सनी भरलेली. ती अगदी शेवटी लावतात, कारण तिच्यातला थेंबही आता जखमेवाटे वाया जायला नको.