अर्धं भिंग झाकलं तर?

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: तंत्रज्ञान, सर्जनशीलता आणि मुलांचं शिकणं. तिथे जायचंच आहे, पण वाट दहावीच्या एका आकृतीवरून काढतो. बहिर्वक्र, म्हणजे मधे जाड आणि कडेला पातळ अशा भिंगाची किरणाकृती. इथल्या विज्ञानाच्या शिक्षकांचा हात तिच्यावर बसलेला आहे, आणि बाकीच्यांनी निदान परीक्षेपुरती तरी ती काढलेली आहे.

हल्ली ती स्मार्ट बोर्डवर येते. एक टिचकी मारली की भिंग, अक्ष, नाभी, दोन किरण, उलटी प्रतिमा, सगळं एकदम हजर. क्लासमध्ये तर मुलं लगेच फोटो काढून मोकळी होतात. जरा हात वर करा, कोणाकोणाच्या फोनमध्ये फळ्याचे किंवा स्लाइडचे फोटो आहेत? छान. आता ते पुन्हा उघडून ज्यांनी वाचले, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, सभागृह कसं मोकळं झालं! मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संग्रहालयातल्या वस्तू घेतल्या होत्या. ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. पण वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा तशी घट दिसली नाही. कॅमेरा तोच होता. फक्त बघणाऱ्याला थांबून निवड करावी लागली.

आता हीच आकृती हाताने काढू. नाभी म्हणजे अक्षाला समांतर आलेले किरण भिंगातून गेल्यावर जिथे एकत्र येतात तो बिंदू; भिंगापासून तिथवरचं नाभीय अंतर ३ सेंमी, वस्तू २ सेंमी उंच, भिंगापासून ४.५ सेंमीवर. पेन्सिलीला टोक हवं. पहिला किरण अक्षाला समांतर नेऊन पलीकडच्या नाभीतून, दुसरा प्रकाशीय केंद्रातून, म्हणजे भिंगाच्या मध्यबिंदूतून, सरळ. ९ सेंमीवर ४ सेंमी उंचीची उलटी प्रतिमा मिळते. चुका ठरलेल्या असतात. समांतर किरण पट्टीने न मोजता नजरेने ओढला की तो तिरका होतो आणि प्रतिमा सेंमी-दीड सेंमी सरकते. किरण भिंगाच्या मधल्या रेषेवर वळवायचा, तो काही मुलं अलीकडच्या कडेवरच वळवतात. बाण तर हमखास विसरतात. यातली प्रत्येक चूक कागदावर दिसते, म्हणून दुरुस्त करता येते.

मग म्हणायचं, वस्तू फक्त १ सेंमी पुढे आण, ३.५ वर. प्रतिमा जाते २१ सेंमीवर! कागद संपतो, मुलं वही आडवी धरतात, शेजाऱ्याची वही जोडतात. नाभीजवळ काय घडतं ते त्या वेळी हाताला कळतं.

पण माझी खरी तक्रार पुढे आहे. भिंगाचा खालचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकला, तर प्रतिमेचं काय होईल? वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुलं ‘अर्धी दिसेल’ म्हणतात, आणि त्यांचं चुकतं ते आपल्या आकृतीमुळे. आपण दोनच किरण काढतो, कारण तेवढे काढायला सोपे. मुलाला वाटतं, प्रतिमा त्या दोन किरणांचीच बनते. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण अख्ख्या भिंगावर पसरतात, हे तयार स्लाइड सांगतच नाही. अर्धं भिंग झाकलं तरी प्रतिमा पूर्ण येते, फक्त मंद होते.

आणि हे दाखवायला फोनच वापरा. ट्रेसिंग पेपरवर २ सेंमी उंचीचा ‘क’ ठळक लिहा, मागे दोनेक सेंमीवर फोनचा टॉर्च धरा, म्हणजे उजेड पूर्ण अक्षरावर पसरतो. १० सेंमी नाभीय अंतराचं भिंग अक्षरापासून १५ सेंमीवर, भिंगापासून भिंत ३० सेंमीवर. ४ सेंमीचा उलटा ‘क’ उमटतो. या प्रयोगात नेहमी घेतात त्या मेणबत्तीला पंखा बंद करावा लागतो, आणि ऑक्टोबरात मुंबईत पन्नास मुलांच्या वर्गात पंखा बंद करणं म्हणजे सगळ्यांचं लक्ष घामाकडे. पुठ्ठा मात्र भिंगाला टेकवूनच धरा. तो अक्षराजवळ गेला तर अक्षरच कापलं जातं आणि मुलांचं चुकीचं उत्तर बरोबर ठरतं.

पुढच्या कार्यक्रमाची मंडळी दाराशी आली आहेत, तेव्हा कबूल केलेला विषय आता भरभर.

तंत्रज्ञान आणा, पण हातानंतर. जिओजेब्रा या भूमितीच्या संगणक-प्रोग्राममध्ये सरकपट्टी हलवली की प्रतिमा पळते, फार सुंदर दिसतं. मात्र सरकवण्याआधी वहीत एक ओळ हवी: वस्तू ६ सेंमीवर नेली तर प्रतिमा कुठे, केवढी? आणि २ वर आणली तर? स्वतः आठवून उत्तर काढण्याचं बळ रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले.

सर्जनशीलतेचं म्हणाल तर ‘झाकलं तर?’, ‘दोन भिंगं चिकटवली तर?’, ‘पाण्यात बुडवलं तर?’ हे प्रश्न मुलाने स्वतः काढणं, ही माझी तिची व्याख्या. एआयला विचारायलाही हरकत नाही, पण आधी स्वतःचं भाकीत आणि कारण लिहून, ‘माझ्या कारणात चूक कुठे?’ असं विचारायचं, आणि त्याचं उत्तर भिंगावर तपासायचं. मार्क द्यायचे ते त्या भाकिताच्या ओळीला आणि खोडून नव्याने लिहिलेल्या कारणाला.

भिंगं, पुठ्ठे, ट्रेसिंग पेपर मागच्या टेबलावर मांडले आहेत. जाताना प्रत्येकाने एकदा झाकून बघा, आणि झाकण्याआधी शेजाऱ्याला आपलं उत्तर सांगा.