पुलाच्या पलीकडे

[पहाट. नदी, पूल, चालणारी माणसं.]

ही अमेरिकेतली चॅटाहूची नदी. अलीकडे जॉर्जिया राज्यातलं कोलंबस, पलीकडे अलाबामा राज्यातलं फिनिक्स सिटी. चौदाव्या रस्त्याचा हा पूल आता फक्त पायी जाणाऱ्यांचा. कागदोपत्री पलीकडचं घड्याळ तासभर मागे आहे. पण फिनिक्स सिटी कोलंबसच्याच वेळेने चालते. पोटापाण्याचा संबंध इकडे, मग घड्याळ वेगळं ठेवून करायचं काय?

कायदा मात्र पुलाच्या पलीकडच्या टोकाला बदलतो.

[कायद्याचं पान, अगदी जवळून. त्यावर फिरणारं बोट.]

हे अलाबामाच्या कामगार भरपाई कायद्याचं पान. अंगठा, 62 आठवडे. तर्जनी, 43. पंजा, 170. अख्खा हात, 222. कामावर अवयव गेला की इतके आठवडे पगाराचा दोन तृतीयांश हिस्सा मिळतो. आपल्या 1923च्या कायद्यालाही अशीच यादी जोडलेली होती, अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत 30 टक्के घट. पण ती देशभर एकच होती.

जॉर्जियात अख्ख्या हाताला 225 आठवडे. तीनच जास्त. गोम आहे ती कमाल मर्यादेत. अलाबामात या भरपाईला आठवड्याला 220 डॉलरची वेस आहे, आणि ती 1980च्या दशकापासून हललेली नाही. जॉर्जियात 1 जुलै 2023 पासून 800. गुणाकार पडद्यावर आहे : अलाबामातला हात जास्तीत जास्त 48,840 डॉलर. जॉर्जियातला 1,80,000.

[जुन्या अहवालाचं मुखपृष्ठ.]

हे कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. 1972मध्ये जॉन बर्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने राज्यांचे कायदे अपुरे ठरवले, 19 शिफारशी अत्यावश्यक म्हणून वेगळ्या काढल्या. राज्यांनी 1975पर्यंत त्या मानल्या नाहीत तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सक्ती करावी, असंही सुचवलं. सक्ती झाली नाही. कुठल्या राज्याने किती मानल्या, एवढं केंद्राचं श्रम खातं मोजत राहिलं. 2004मध्ये तेही थांबलं.

[दुसरा अहवाल, नवाकोरा. पानं उलटतात.]

ही मोजणी मात्र चालू आहे. ओरेगन राज्याचं खातं 1986पासून दर दोन वर्षांनी सगळ्या राज्यांत मालक कामगार भरपाईसाठी भरतात त्या विमा हप्त्यांची क्रमवारी लावतं. 2022मध्ये सर्वांत महाग न्यू जर्सी, सर्वांत स्वस्त नॉर्थ डकोटा. तिथे हा विमा राज्य सरकारच देतं, खासगी कंपनीला मुभा नाही. काम चोख आहे, वाद नाही. पण मोजलाय तो मालकाचा खर्च. कामगाराच्या हातात काय पडलं, त्याचा रकाना या यादीत नाही.

[पूल, संध्याकाळ.]

222 आठवडे म्हणजे सव्वाचार वर्षं. मग हाताचे पैसे बंद.

[नदीचा आवाज. निवेदन नाही.]