शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे: सरकारी महाविद्यालय आणि विद्यापीठ नेमके कशाने स्थापन होते?

नमस्कार. गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जात आहे: "आमच्या तालुक्यात सरकारी महाविद्यालयाचा अध्यादेश निघाला, मग कायदा आणखी कशाला हवा?" मराठवाड्यातील एका प्रेक्षकांनी तर तो कागदच पाठवला आहे आणि तो आत्ता माझ्या हातात आहे. त्याच्या माथ्यावर 'शासन निर्णय' (म्हणजे एखाद्या सरकारी खात्याने काढलेला लेखी आदेश, जीआर) असे स्पष्ट छापलेले आहे आणि शेवटी, सहीच्या वर, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ आहे. सगळा घोटाळा या एका ओळीमुळे होतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्य शासनाचे प्रत्येक कार्यकारी काम राज्यपालांच्या नावाने होते, म्हणून एखाद्या कार्यालयातील तात्पुरत्या पदांना मुदतवाढ देणाऱ्या शासन निर्णयाखालीही हीच ओळ असते. अध्यादेश ही अगदी वेगळी गोष्ट आहे. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल तो काढतात, त्याला कायद्याइतकेच बळ असते आणि अधिवेशन पुन्हा भरल्यानंतर सहा आठवड्यांत त्याची जागा कायद्याने घेतली नाही, तर तो संपतो. शासन निर्णयाला सर्रास 'अध्यादेश' म्हणणाऱ्या बातम्या वाचल्या की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या एका शब्दावर विसंबून लोक आपल्या मुलांचे प्रवेश ठरवतात.

विधेयक मांडले जाते, दोन्ही सभागृहे ते मंजूर करतात, राज्यपालांची संमती मिळते आणि राजपत्रात अधिनियम, म्हणजेच कायदा, प्रसिद्ध होतो. हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो आहोत. मला थांबायचे आहे ते शासन निर्णय आणि कायदा यांतील फरकापाशी, आणि त्यासाठी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, म्हणजे सीओईपीचे, उदाहरण सर्वांत बोलके आहे.

ही संस्था १८५४ साली 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' म्हणून सुरू झाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासारखे विद्यार्थी तिथे शिकले आणि २००३ साली शासनाने तिला स्वायत्तताही दिली. तरीही शिकवणारे प्राध्यापक सीओईपीचे आणि पदवीच्या प्रमाणपत्रावरचे नाव विद्यापीठाचे, आधी मुंबईच्या आणि नंतर पुण्याच्या, ही स्थिती दीडशेहून अधिक वर्षे टिकली. संस्थेच्या गुणवत्तेत काही उणे होते म्हणून नव्हे, तर विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ मुळे. या कलमाप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिनियमाने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला (म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्थेला) किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. शासन निर्णय कितीही ठळक अक्षरांत छापला तरी तो हा अधिकार निर्माण करू शकत नाही. म्हणून सीओईपीसाठी २०२२ साली स्वतंत्र अधिनियम करावा लागला आणि २३ जून २०२२ पासून ते एकात्म, म्हणजे बाहेरची महाविद्यालये न जोडलेले, सार्वजनिक विद्यापीठ झाले.

हीच गोष्ट मालमत्तेच्या बाजूने पाहू. शासन निर्णयाने सुरू झालेले सरकारी महाविद्यालय हे खात्याचाच एक भाग असते; त्याची जमीन शासनाची आणि कर्मचारी शासनाचे असतात. विद्यापीठाचा कायदा मात्र सुरुवातीच्याच कलमांत सांगतो की विद्यापीठ हा निगम निकाय, म्हणजे कायद्याने निर्माण केलेली स्वतंत्र संस्था, असेल, त्याला अखंड परंपरा (म्हणजे माणसे बदलली तरी टिकणारे अस्तित्व) आणि स्वतःचा शिक्का असेल, ते मालमत्ता धारण करू शकेल आणि त्याच्या नावाने दावा लावता येईल. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी एक नवी व्यक्ती जन्माला येते.

आणि तिसरी बाजू बंद होण्याची. एक शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने अधिक्रमित, म्हणजे निष्प्रभ, होतो. त्यासाठी मंत्रालयाबाहेर कोणालाही विचारावे लागत नाही. अधिनियम रद्द करायचा तर विधिमंडळातच जावे लागते, विरोधी बाकांवरील प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात.

एका प्रेक्षकांनी लिहिले आहे की हा सगळा शब्दच्छल आहे. त्यांना मी माझ्या मावसबहिणीची हकीकत सांगेन. तिने एका नव्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, कारण माहितीपत्रकावर 'शासनमान्य' असे लिहिले होते. संस्थेकडे प्रत्यक्षात होते ते केवळ इरादापत्र, म्हणजे अटी पूर्ण केल्यास परवानगी देण्याची तयारी दाखवणारे शासनाचे पत्र. अंतिम परवानगी आणि विद्यापीठाचे संलग्नीकरण, म्हणजे विद्यापीठाशी जोडले जाण्याची मान्यता, मिळालेच नाही, परीक्षेचा अर्ज स्वीकारला गेला नाही, आणि तिचे एक वर्ष कायमचे गेले. घरात कोणालाही इरादापत्र आणि संलग्नीकरण यांतला फरक माहीत नव्हता, मलाही नव्हता.

मात्र कायद्याचे नाव असले म्हणजे पुरे, असेही नाही. छत्तीसगडने २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि त्यातील कलम ५ चा आधार घेऊन केवळ राजपत्रातील अधिसूचनांद्वारे शंभरहून अधिक विद्यापीठे स्थापन केली. त्यांतील अनेकांना ना इमारत होती ना ग्रंथालय. काही तर एकेका खोलीत चालत होती. ज्येष्ठ वैज्ञानिक प्राध्यापक यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये कलमे ५ आणि ६ घटनाबाह्य ठरवली. विद्यापीठ स्थापन करण्याचा विषय राज्यसूचीत, नोंद ३२ मध्ये, असला तरी उच्च शिक्षणाचा दर्जा राखण्याचा विषय केंद्रसूचीच्या नोंद ६६ मध्ये आहे, आणि कागदावरची विद्यापीठे त्या दर्जाला सुरुंग लावतात.

कारभाराबद्दल थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातील बहुतेक अकृषी विद्यापीठे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली चालतात आणि तो १ मार्च २०१७ पासून अंमलात आहे. राज्यपाल हे कुलपती असतात. अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद यांची कामे वाटून दिलेली आहेत. परिनियमांना, म्हणजे विद्यापीठाच्या मूलभूत नियमांना, कुलपतींची संमती लागते, तर विद्यापीठाचे 'अध्यादेश', म्हणजे त्याखालचे अंतर्गत नियम, व्यवस्थापन परिषद करते. पुन्हा तोच शब्द आणि तिसराच अर्थ, म्हणून कागदावर हा शब्द दिसला की तो कोणी काढला आहे हे आधी पाहावे.

कुलगुरूंची निवड मंत्री करतात का, असेही विचारले गेले आहे. शोध समिती नावे सुचवते आणि कुलपती नेमणूक करतात. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने या पद्धतीत शासनाला मोठा वाटा देणारे आणि मंत्र्यांना प्र-कुलपती (कुलपतींच्या खालोखालचे पद) करणारे विधेयक मंजूर केले होते. "ते तर झाले ना मंजूर?" असे आजही लोक विचारतात. मंजूर झाले, पण संमती मिळाली नाही आणि पुढे ते मागे घेतले गेले, म्हणजे ते एक दिवसही कायदा नव्हते. संमती मिळाली तरी कलम १ वाचावेच लागते, कारण शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकास अधिनियम अंमलात येईल, असे तिथे पुष्कळदा लिहिलेले असते.

आता हातातल्या या कागदाकडे परत येतो. यात महाविद्यालयाला मान्यता आहे, पण पदनिर्मितीचा शासन निर्णय स्वतंत्रपणे काढण्यात येईल असे पाचव्या परिच्छेदात म्हटले आहे, आणि प्रवेशप्रक्रिया विद्यापीठाच्या संलग्नीकरणाच्या अधीन ठेवली आहे. सरकारी महाविद्यालयासाठी वेगळा कायदा लागत नाही हे खरे, कारण पदवी कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठच देणार आहे. पण म्हणूनच, हा कागद पाठवणाऱ्या दादांनी जून महिन्यात मुलीचा प्रवेश घेण्यापूर्वी प्राचार्यांकडे शासन निर्णय नव्हे, तर विद्यापीठाचे त्या शैक्षणिक वर्षाचे, त्या अभ्यासक्रमाचे संलग्नीकरणाचे पत्र मागावे आणि त्यावरील जावक क्रमांक लिहून घेऊन विद्यापीठाच्या संलग्नता विभागात तो पडताळून पाहावा.